कॅरोलायनाची भांडी, चेरीचं उलथनं आणि एक झाडू: बरेच महिने वापरल्यानंतर

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहराच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांत एक प्रश्न सारखा निघतो. गावातल्या त्या छोट्या गॅलरीतल्या हातानं केलेल्या वस्तू नुसत्या मांडून ठेवायच्या, की वापरायच्याही? मी गेल्या हिवाळ्यापासून तिथून थोडं थोडं घेत आलेय आणि घेतलेलं सगळं घरात राबवलंय. आमच्याकडे हळद, फोडणी, चिंच रोजची आणि चहाला वेळकाळ नाही, तेव्हा हा अनुभव त्या हिशेबानं वाचा.

सगळ्यात सरस निघाला तो झाडू. ४८ डॉलर. हो, झाडूला. किंमत ऐकून नवऱ्यानं माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही. दांडा जंगलातल्या वाकड्या फांदीचा, साल तशीच ठेवलेला. काड्या ब्रूमकॉर्नच्या, म्हणजे ज्वारीच्याच एका वाणाच्या; दाण्यासाठी नाही, लांब तुऱ्यासाठी पिकवतात. सासूबाई मंगळवेढ्याच्या. त्या उन्हाळ्यात आल्या, तुऱ्यात अडकलेलं एक बोंड नखानं सोललं आणि म्हणाल्या, "अगं, हा जोंधळाच की!" मग दिवसभर झाडू त्यांच्याच हातात.

प्लॅस्टिकचा झाडू बारीक धूळ नुसती पुढे ढकलतो. याच्या काड्यांची टोकं फाटलेली असल्यानं धूळ, पिठी, केस सगळं धरून येतं. सुरुवातीला तूस गळलं, नंतर थांबलं. चपटा आकार आणि आडव्या शिवणी ही अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या लोकांची देणगी मानतात, अठराव्या शतकाच्या शेवटची. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात विद्यार्थी १९२० पासून असे झाडू बांधतात. माझा तिथला नाही, ॲपलाचियन डोंगरातल्या एका कारागिराचा आहे. उभा ठेवायचा नाही, खुंटीला टांगायचा, नाहीतर काड्या एका बाजूला वाकतात. फार कोरड्या झाल्या की टोकांवर जरा पाणी मारायचं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला केरसुणीच्या जागी हाच मांडला. हळदीकुंकवाचे डाग अजून आहेत, राहू देत.

पण हा झाडू अमेरिकन म्हणजे नक्की किती अमेरिकन? मी गॅलरीच्या मालकीणबाईंना विचारलं तर त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं: ब्रूमकॉर्न बहुतेक मेक्सिकोतून येतं, इथे आता त्याची शेती फारशी उरली नाही. हात इथला, काडी तिकडची. मला ते चालतं. तेव्हापासून मात्र वस्तू हातात घेतली की यातलं हातानं काय केलंय आणि कुणी केलंय, हे मी विचारतेच. त्या प्रश्नावर गॅलरीचे सरळ दोन भाग पडतात.

पहिला भाग मातीच्या भांड्यांचा आणि लाकडाचा. तिथे उत्तर मिळतं, कारागिराचं नाव, गाव, भट्टी कशी, सगळं. आमच्याकडची बरीच भांडी सीग्रोव्हची. या गावात आणि पंचक्रोशीत अठराव्या शतकापासून कुंभारकाम चालत आलंय. मी तिथली मिठाच्या झिलईची एक झाकणाची बरणी घेतली, ७२ डॉलरला. भट्टी १२०० अंशांच्या वर गेली की आत मीठ टाकतात. त्यातलं सोडियम वाफेबरोबर मातीतल्या सिलिकाशी जोडलं जातं आणि भांड्यावर काचेचा थर धरतो. ब्रशनं वेगळं काही लावावं लागत नाही. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत लागतो, हीच त्याची खूण. हा थर आंबटाला दाद देत नाही, म्हणूनच पूर्वी इथली बायामाणसं अशाच भांड्यांत काकड्या मुरवत. मी लिंबाचं लोणचं घातलं. फेब्रुवारीत घातलेलं अजून उत्तम आहे, बरणीला वासही धरला नाही. झाकण मात्र घट्ट बसत नाही, फडकं बांधावं लागतं.

त्याच कुंभाराचा एक मगही घेतला, तो चहाला जड आणि मोठा. आपल्या चहाच्या मापाचा तो नव्हेच, ताकाला बरा. बुडाची झिलई नसलेली कड खरखरीत होती आणि जेवणाच्या टेबलावर तिनं रेघा ओढल्या. बारीक पॉलिश पेपर ओला करून घासला आणि काम झालं. खरं तर हे कुंभारानं करून द्यायचं. दुकानातच भांडं उलटं करून बुडावर बोट फिरवून बघा.

तक्रार आहे ती दुसऱ्या एका वाटीबद्दल. निळसर, सुंदर, झिलईत केसासारख्या बारीक भेगांची जाळी. चिठ्ठीवर खाण्यासाठी चालेल असं लिहिलेलं. त्यात वरण वाढलं, हळद त्या भेगांत शिरली आणि वाटीवर पिवळा नकाशा उमटला. साबण, सोडा, लिंबू, कशानंच हटेना. शेवटी खिडकीत उन्हात ठेवली. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, त्यामुळे रेघा बऱ्याच फिक्या झाल्या. पण प्रत्येक वरणानंतर वाटीला ऊन कोण दाखवणार? ती आता चाव्या ठेवायला आहे. आपल्या जेवणासाठी भेगा नसलेली, पूर्ण भाजलेली दगडी मातीचीच (स्टोनवेअर) भांडी घ्या. राकू या जपानी पद्धतीची, कमी भाजलेली, तर फक्त बघायची, ती पाणी धरत नाहीत. गॅलरी तसं लिहून ठेवते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

चेरीच्या लाकडाचं उलथनं ३४ डॉलरचं. एक कड तिरकी कापलेली, त्यामुळे पोहे, उपमा, पिठलं कढईच्या बुडापासून नीट सुटतं. पहिल्या काही धुण्यांनंतर लाकडाचे तंतू उभे राहून खरखरीत झालं, पुन्हा पॉलिश पेपर. नंतर गुळगुळीत ते गुळगुळीतच. रंग गडद होत चाललाय, चेरी उजेडात तशी होतेच. शेंगदाण्याचं तेल लावू नका, खवट वास येतो. गॅलरीत मधमाश्यांच्या मेणाचं मलम मिळतं ते लावा. डिशवॉशरमध्ये अजिबात नको.

काचेच्या वस्तूंवर जास्त लिहीत नाही, पेले सुंदर आहेत आणि मी ते रोजच्याला काढत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळानं फ्रेंच ब्रॉड नदी चढली आणि याच राज्यातल्या ॲशव्हिल शहराच्या कलावस्तीतल्या कितीतरी कार्यशाळा बुडाल्या. तिकडच्या माणसाची वस्तू दिसली तर माझा हात थोडा सैल सुटतो, एवढं खरं.

आता दुसरा भाग, गल्ल्याजवळचा, भेटवस्तूंचा. तिथे जरा जपून. सुवासिक मेणबत्त्या, मॅग्नेट, छापील टॉवेल. भारतात न्यायला हलकं म्हणून मी चिमणीचं चित्र छापलेला सुती टॉवेल उचलला आणि उलटून बघितला तर शिवणीतल्या लेबलवर 'मेड इन इंडिया'. चित्र इथल्या चित्रकर्तीचं, कापड आपलंच! कोल्हापूरच्या नणंदेला अमेरिकेची भेट म्हणून तो दिला असता तर तिनं मला जन्मभर ऐकवलं असतं. भारतात न्यायचंच असेल तर लाकडी चमचे न्या. वजन नाही, फुटत नाहीत आणि तिथे ते खरोखर वापरले जातात.

किमती महाग वाटतात, आहेतही. अशा गॅलऱ्यांत माल बहुधा विक्रीनंतर पैसे या बोलीवर असतो आणि निम्म्याच्या आसपास रक्कम गॅलरी ठेवते. कुंभाराकडे थेट जायचं तर सीग्रोव्ह रॅलीहून गाडीनं सव्वा-दीड तासावर आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवार-रविवारी तिथे मोठा मेळा भरतो. पण भाव फारसा कमी मिळेल असं धरून जाऊ नका, बरेच कुंभार गॅलरीच्या भावाखाली विकत नाहीत. तिथे निवड मोठी, इथे अडचण आली तर विचारायला माणूस जवळ. गॅलरी गुरुवार ते रविवारच उघडी असते आणि परत केलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत, बदल्यात दुसरं काही घ्यावं लागतं. ती वाटी मी वापरली होती म्हणून तेही झालं नाही.

नवरा डावखुरा. तिरक्या कडेचं उलथनं त्याच्या हातात उलटं पडतं, म्हणून पोह्यांचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. कारागीर डाव्या हाताचंही करून देतो असं मालकीणबाईंकडून कळलं. किंमत तीच, आगाऊ काही नाही, सहा-आठ आठवडे लागतात. ऑर्डर दिली आहे.