वाशीतला युवा सल्लागार प्रशिक्षणवर्ग : आठ रविवारांनंतर

मी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात वाशीत एका संस्थेचा आठ रविवारांचा वर्ग केला. शहरासाठी युवा सल्लागार मंडळ नेमलं तर त्यावर काम कसं करायचं, हे १६ ते २३ वयाच्या मुलामुलींना शिकवणारा. फी ६०० रुपये, वेळ सकाळी दहा ते दीड, मध्ये चहा आणि वडापाव. ज्यांना फी परवडत नाही त्यांना माफ करतात, पण हे जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नाही, विचारलं तरच कळतं. ते सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात हवं. ज्या मुलांनी खरंच यायला पाहिजे तीच ६०० चा आकडा बघून परत फिरतात.

माझं मत आधीच सांगते : जमत असेल तर नक्की करा. फक्त शेवटच्या दिवशी जे झालं ते मला अजून लागून राहिलंय, तेही खाली लिहिते.

मी २०२३ मध्ये १८ ची झाले आणि लगेच मतदारयादीत नाव लावलं. पण महापालिकेत निवडून आलेलं कुणीच नव्हतं. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. पहिल्या दिवशी वर्ग घेणाऱ्या ताईंनी विचारलं, "तुमचा नगरसेवक कोण होता?" तीस जणांत दोन हात वर आले. दोघांच्याही घरचे राजकारणातले.

मग ताईंनी एक कागद वाटला. ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. शहराच्या कारभाराकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत. ते आम्ही एकेक करून मोठ्याने वाचले. माझ्या वाट्याला सतरावा आला : सार्वजनिक सुखसोयी, त्यात रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे. तेव्हा नुसतं वाचून पुढच्याकडे कागद सरकवला. पुढे सहा आठवडे मी त्याच एका ओळीत अडकून राहणार होते.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या रविवारी गृहपाठ मिळाला : आपल्या ओळखीच्या नसलेल्या वीस जणांशी बोलून या, आणि त्यांच्या शब्दांत लिहून आणा. माझा विषय मनात पक्का होता, अभ्यासिका. घरात आम्ही पाच जण, खोली दीड, त्यामुळे मला रात्री अकरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका हवी होती आणि सगळ्यांना तीच हवी असणार असं मी धरूनच चालले होते. एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या काही मुली जवळच्या वस्तीत राहतात. त्यांच्याकडे गेले. वय माझंच, एखादं वर्ष इकडे-तिकडे. त्यातली एक पाण्याचा हंडा खाली ठेवत म्हणाली, "ताई, अभ्यासिका अकरापर्यंत उघडी ठेवून मी काय करू? साडेआठला बसमधून उतरते, तिथनं घरापर्यंत अंधार असतो. भाऊ न्यायला आला नाही तर आई दारात उभी राहते." वीसपैकी तेरा जणींनी वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. अभ्यासिकेचं नाव तिघींनी घेतलं.

मला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातूनच हा वर्ग मला कळला. मंडळावर बसणारा स्वतःचं मत मांडायला बसत नाही. तो वीस जणांचं म्हणणं घेऊन तिथे गेलेला असतो. आमच्या घरात ही गोष्ट नवी नाही. बाबा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने जी मंडळं झाली त्यांत सरकार आणि मालक यांच्या बरोबरीने कामगारांचेही प्रतिनिधी असतात. बाबांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "मग? आमच्या बोर्डावरच्या माणसाला आम्ही हेच विचारतो, गाळ्यावर शेवटचा कधी आला होतास?"

पुढच्या रविवारी मी महापालिकेला द्यायच्या अर्जासाठी लिहून नेलं : "महिलांच्या सुरक्षिततेसाठी संबंधितांनी योग्य ती पावले उचलावीत." ताईंनी ते वाक्य लाल पेनाने आडवं खोडलं आणि खाली चार शब्द लिहिले : कुठे? किती? कोणतं खातं? कधीपर्यंत? मी संध्याकाळी परत वस्तीत गेले. त्या मुलीला बरोबर घेतलं आणि बसथांब्यापासून वस्तीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. अकरा खांब, चार बंद. प्रत्येक खांबावर रंगाने क्रमांक टाकलेला असतो, हे इतकी वर्षं त्या शहरात राहून मला माहीत नव्हतं. एका खांबावरचा क्रमांक पोस्टरखाली गेला होता, तिने नखाने कागद खरवडून काढला आणि मी मोबाइलच्या उजेडात वाचला. अर्जात ते चार क्रमांक लिहिले, एवढंच.

अर्ज द्यायला गेले तिथल्या खिडकीवर सांगितलं, "ठेवून जा." वर्गात याची तालीम झाली होती. "दुसऱ्या प्रतीवर पोच द्या ना, काका." दोनदा म्हणावं लागलं. शिक्का बसला, आवक क्रमांक पडला, तारीख आली. हात थोडे थरथरत होते, पण तो कागद मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरी आणला. १९ दिवसांनी तीन दिवे लागले.

बाकीच्या रविवारांबद्दल थोडक्यात. अर्थसंकल्पाचा दिवस उत्तम होता. महसुली खर्च आणि भांडवली खर्च यातला फरक मला कॉलेजात पाठ होता, इथे कळला : नवा खांब उभारणं भांडवली, त्याचा दिवा चालू ठेवणं महसुली. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून मागणी त्याच्या कितीतरी महिने आधी पोचायला हवी. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं अर्थसंकल्पासाठी सुचवून घेतात, त्याचा नमुना अर्ज आमच्याकडून भरून घेतला. माहिती अधिकाराचा भागही चांगला : १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, आणि "का" असं न विचारता "कोणता कागद" असं विचारायचं. विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त यांचा दिवस मात्र कंटाळवाणा गेला. सरांनी स्लाइड इंग्रजीत ठेवल्या होत्या. दिघ्याहून येणारा एक मुलगा त्या दिवशी दुपारनंतर आलाच नाही. मराठीत चालणाऱ्या कारभाराचं शिक्षण इंग्रजी स्लाइडवर कशासाठी?

बाहेरची उदाहरणंही दिली. सॅन फ्रान्सिस्कोत १९९५ मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेतच, म्हणजे त्याच्या मूळ कायद्यातच, युवा आयोग घातला, त्यावर १२ ते २३ वयाचे १७ सदस्य असतात. बॉस्टनमध्ये २०१४ मध्ये शहराच्या अर्थसंकल्पातले दहा लाख डॉलर कशावर खर्च करायचे हे तरुणांनी मतदानाने ठरवलं. ऐकून बरं वाटलं, कारण आपल्याकडे मत १८ ला, महापालिकेला उभं राहायचं तर २१ लागतात, आणि सोळा वर्षांच्या मुलीला अंधाऱ्या रस्त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

सगळ्यात लक्षात राहिली ती रॉजर हार्ट यांची शिडी, १९९२ मध्ये युनिसेफने छापलेली. मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत : मुलांना वापरून घेणं, मुलांना शोभेसाठी उभं करणं, आणि नावापुरतं बोलवणं.

आणि शेवटच्या दिवशी आम्हाला दुसऱ्या पायरीवर उभं केलं. समारोपाला आमची नमुना बैठक ठेवली होती, तीन-तीन मिनिटांची आठ निवेदनं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. मुलींना साडी नेसून पुष्पगुच्छ घेऊन दारात उभं राहायला सांगितलं. मग सत्कार, भाषणं, फोटो, आणि शेवटी "वेळेअभावी" दोनच निवेदनं. माझं राहिलं. पॅकिंगवाल्या चार जणी सुट्टी टाकून, एका दिवसाची मजुरी बुडवून ऐकायला आल्या होत्या. त्या मागच्या रांगेत अडीच वाजेपर्यंत बसल्या आणि निघून गेल्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ज्या लोकांनी आम्हाला ती शिडी शिकवली त्यांच्याकडून हे व्हायला नको होतं. मी ताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माफी मागितली आणि पुढच्या वेळी आधी निवेदनं, मग सत्कार असा क्रम ठेवू म्हणाल्या. त्यांनी तो पाळावा.

दुसरी उणीव पाठपुराव्याची. आठ रविवार संपले की वर्ग संपतो. अर्ज एक-दोन महिने चालतो, स्मरणपत्र कधी द्यायचं, वरच्या साहेबांकडे कधी जायचं, हे मी एकेकाला विचारत शिकले. महिन्यातून एकदा जुन्या बॅचला बोलावलं तरी पुष्कळ होईल.

जाणार असाल तर नाव नोंदवतानाच फीमाफीबद्दल विचारा, एक मोजपट्टी आणि कोरी वही न्या, आणि वीस जणांचा गृहपाठ मैत्रिणींना फोन करून उरकू नका. चौथ्या खांबासाठी मी दुसरं स्मरणपत्र दिलंय. त्याची पोच यावेळी खिडकीवर त्या मुलीने स्वतः मागून घेतली.