सिंकखालचं मशीन जळलं असं कुणी सांगितलं तर आधी हे वाचा

आमची आई यवतमाळ जिल्ह्यात गावी एकटी राहते. गुडघ्यांमुळे उकिरड्यापर्यंत जाणं होत नाही, म्हणून भावानं घर बांधताना सिंकखाली खरकटं दळणारं मशीन बसवून दिलं. (गावात गटारलाइन नाही. दळलेलं सगळं सेप्टिक टँकमध्ये जातं आणि टँक लवकर भरतो, म्हणून मला ते पटलं नव्हतं. पण तो वेगळा विषय.)

हिवाळ्यात त्यात बोराची बी अडकली. मशीन थोडा वेळ घुमलं आणि बंद पडलं. तालुक्याच्या गावाहून मेकॅनिक आला. त्यानं एकदा बटण दाबलं आणि सांगितलं, "काकू, आतली ब्लेड पुरी घासली. मोटरबी जळली. आता नवीनच बसवा लागते." साडेनऊ हजार घेतले, बिल दिलं नाही, आणि जुनं मशीन भंगारात टाकतो म्हणून सोबत घेऊन गेला.

अशा मशीनमध्ये घासायला ब्लेड नसतेच. फिरत्या तबकडीवर दोन बोथट तुकडे असतात, ते खरकटं कडेच्या खरबरीत कड्यावर ढकलतात आणि तिथं ते बारीक होतं. काही अडकलं की तबकडी थांबते, मोटर तापते, आणि ती जळू नये म्हणून आतला स्विच आपोआप वीज तोडतो. बहुतेक मशीनच्या बुडाला लाल रिसेट बटण आणि मधोमध षटकोनी खाच असते. प्लग काढायचा, खाचेत एलन की (षटकोनी टोकाची चावी) घालून दोन्हीकडे फिरवायची, अडकलेलं चिमट्यानं काढायचं, आत हात मुळीच घालायचा नाही. मोटर थंड झाली की लाल बटण दाबायचं. या मेकॅनिकनं सिंकखाली वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

पुढे नवीन म्हणून बसवलेलं मशीन गळायला लागलं. चुलतभावाला वायरिंगचं कळतं. आम्ही दोघांनी ते उतरवलं. कडेला जुनी पुट्टी वाळून दगड झालेली, तिच्यावरच ताजी थापलेली. तबकडीखाली काळी पडलेली भाताची शितं. नंबरचं लेबल खरवडलेलं. ट्रॅप (पाणी साठून वास अडवणारा वाकडा पाइप) काढून सरळ पाइप जोडलेला, टँकचा वास घरात येत होता तो त्यामुळेच. अंगावर काटा आला तो अर्थिंगची हिरवी वायर पाहून: कापून टेपमध्ये गुंडाळून ठेवली होती. आई रोज ओल्या हातानं त्याच स्टीलच्या सिंकपाशी भांडी घासत होती.

तुमच्या आईवडिलांकडे असं मशीन असेल तर लाल बटण कुठं आहे ते त्यांना आजच दाखवून ठेवा. मोटर जळली म्हणणाऱ्याला मोटर तपासायचं मीटर (मल्टिमीटर) लावून दाखवायला सांगा. बदलायचंच ठरलं तर नवं मशीन खोक्यातून डोळ्यांसमोर काढायला लावा, मशीनचा नंबर टाकलेलं बिल घ्या, आणि जुनं घराबाहेर जाऊ देऊ नका.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. बिल नाही, पण आईच्या फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद आहे. ती आणि उतरवलेल्या मशीनचे फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली आहे. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.