ध्यानाची बैठक पहाटेची की रात्रीची?

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात 10 दिवसांच्या विपश्यना ध्यानाच्या शिबिरात पहाटे 4 ला घंटा होते, 11 ला जेवण, संध्याकाळी 5 ला नव्या साधकांना चहा-फळं, जुन्यांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, फक्त लिंबूपाणी. रात्रीचं जेवण नाहीच. तिथे बैठक जमते ती बरीचशी या दिनक्रमामुळे. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. दोन्ही जमत नसेल तर कोणती वेळ धरायची?

माझा कौल पहाटेला. पोट रिकामं, घर शांत, फोन गप्प. पण पहाटेची तयारी आदल्या रात्रीच होते. साडेसातला मुगाची खिचडी किंवा भाकरी-भाजी, फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत, दहाला दिवा बंद. उठल्यावर तोंडावर गार पाणी मारायचं, घोंगडीची घडी घालून तिच्यावर बसायचं. चहा नंतर. रात्री अकराला पावभाजी खाल्ली की पहाटे श्वासाकडे लक्ष जातच नाही, छातीत जळजळतं.

रात्रीची बैठक दिवसभराचा शीण उतरवते, हे खरं. शिफ्टवाल्यांना आणि तान्ह्या बाळाच्या आईला तीच सोयीची. मात्र जेवणानंतर लगेच बसलं की डुलकी लागते. दोन-अडीच तास जाऊ द्यावेत, नाहीतर जेवणाआधीच बसावं. संध्याकाळचा कडक चहाही टाळलेला बरा, कारण कॅफीनचा अर्धा अंश पाचेक तासांनीही अंगात असतो.

पहाट चुकली तर संध्याकाळी वीस मिनिटं तरी बसा.