विमानाच्या दिव्यांपायी गेलेले पावणेतीन हजार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी जी फसवणूक झाली, ती मी मुद्दाम तपशिलासह लिहीत आहे. संगणकावर विमान उडवण्याचा छंद जडलेली अनेक मुले आज माझ्या आसपास आहेत, आणि मला ज्या पद्धतीने गंडवले गेले तीच पद्धत त्यांच्यावरही वापरली जाईल अशी मला मनापासून भीती वाटते.

माझा संगणक जुना असल्यामुळे मी अजूनही २००६ साली आलेला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स हा विमान उडवण्याचा प्रोग्राम वापरतो. दिवसाच्या उड्डाणात तो मला आजही पुरेसा वाटतो, पण रात्री त्याची उणीव जाणवते. मुंबईला घाटकोपरच्या बाजूने २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना लँडिंग लाइटचा उजेड एखाद्या फिक्या चकतीसारखा जमिनीवर पडतो, आणि पंखांच्या टोकांवरच्या स्ट्रोब, म्हणजे झगझगीत लुकलुकणाऱ्या दिव्यांना खऱ्या विमानाच्या दिव्यांसारखी धार नसते. म्हणूनच बोइंग ७३७-८०० साठी ‘खऱ्यासारखे दिवे’ अशी जाहिरात एका मेसेजिंग ग्रुपमध्ये दिसली तेव्हा मी थांबलो. सोबतच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत पावसाने भिजलेल्या धावपट्टीवर दिव्यांची लांबच लांब प्रतिबिंबे पडली होती. माझ्या सिम्युलेटरमध्ये ओल्या धावपट्टीवर अशी प्रतिबिंबे पडतच नाहीत, म्हणजे तो व्हिडिओ दुसऱ्याच, नव्या सिम्युलेटरमधला होता. ही गोष्ट इतकी वर्षे हा छंद जोपासणाऱ्या माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवी होती, पण आली नाही.

किंमत अठराशे रुपये होती. विक्रेता अतिशय अदबीने, अस्सल मराठीत बोलत होता आणि प्रत्येक वाक्यात मला ‘दादा’ म्हणत होता. मी यूपीआयने पैसे पाठवल्यावर त्याने एका लिंकवरून फाइल पाठवली. ती ईएक्सई फाइल, म्हणजे संगणकावर प्रोग्राम बसवणारा इन्स्टॉलर होती. ती चालवताच अँटिव्हायरसने अडवली, तेव्हा त्याचा निरोप आला, “दादा, पाच मिनिटं अँटिव्हायरस बंद ठेवा, फक्त लायसन्स तपासलं जातं, बाकी काही नाही.” मी तो बंद केला. माझी सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती का चूक होती हे समजण्यासाठी या सिम्युलेटरमध्ये दिवे कसे बसवले जातात ते माहीत असायला हवे.

विमानाच्या फोल्डरमध्ये ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’ नावाची साधी मजकुराची फाइल असते, जी नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात ‘लाइट्स’ असा एक भाग असतो आणि प्रत्येक दिव्यासाठी एक ओळ असते. ओळीतला पहिला आकडा दिव्याचा प्रकार सांगतो: १ म्हणजे बीकन (विमानाच्या धडावरचा लाल लुकलुकणारा दिवा), २ म्हणजे स्ट्रोब, ३ म्हणजे नॅव्हिगेशन (पंखांच्या टोकांवरचे लाल-हिरवे दिवे), ५ म्हणजे लँडिंग. पुढचे तीन आकडे दिवा पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली किती फुटांवर आहे ते सांगतात, आणि शेवटी इफेक्टच्या फाइलचे नाव येते. इफेक्टची फाइलही मजकुराचीच असते, तिच्यात दिव्याचा रंग, आकार आणि उघडझाप ठरते. दिवे बदलणे म्हणजे या ओळी बदलणे आणि काही लहान फाइली ‘इफेक्ट्स’ फोल्डरमध्ये टाकणे, एवढेच काम असते. त्यासाठी इन्स्टॉलरची गरज नसते, लायसन्सची नसते, आणि अँटिव्हायरस बंद करण्याची तर मुळीच नसते.

इन्स्टॉलेशननंतर विमान रात्रीच्या धावपट्टीवर उभे करून मी बाहेरून पाहिले, तेव्हा डाव्या पंखाचा लाल दिवा टोकावर नव्हता, तो इंजिनापाशी अधांतरी तरंगत होता. उजवीकडचा हिरवा दिवाही तसाच होता. तक्रार केल्यावर ‘ॲक्टिव्हेशन की घेतली की दिवे आपोआप जागेवर बसतील’ असे सांगून त्याने आणखी साडेनऊशे रुपये घेतले. की आली, दिवे मात्र तिथेच राहिले.

त्या रात्री मी ती ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’ फाइल नोटपॅडमध्ये उघडली. लाल दिव्याच्या ओळीत आडव्या अंतराचा आकडा उणे १८, म्हणजे डावीकडे १८ फूट होता. विंगलेट, म्हणजे पंखांची वर वळलेली टोके, धरून ७३७-८०० च्या पंखांचा विस्तार सुमारे ११७ फूट असतो, म्हणजे टोक मध्यरेषेपासून ५८ फुटांच्या पुढे असायला हवे. १८ फूट हे अंतर सेसना १७२ चे आहे, कारण त्या छोट्या विमानाचा विस्तार ३६ फूट असतो. आणि ७३७ चे इंजिन मध्यरेषेपासून साधारण १६ फुटांवर असल्यामुळे दिवा नेमका त्याच्याशेजारी येऊन थांबला होता. इफेक्टच्या फाइलींसोबत एक इंग्रजी टीपही पुसायची राहून गेली होती. तिच्यात मूळ कर्त्याने लिहिले होते की या फाइली सर्वांसाठी मोफत आहेत आणि कोणीही त्या विकू नयेत. कोणा अनोळखी माणसाने रात्री जागून केलेली मेहनत मला विकली गेली, याचे दुःख मला पैशांहून अधिक झाले.

मी पैसे परत मागितल्यावर त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकला की २,७५० रुपये जमा होतील असे सांगितले. पडद्यावर ‘पे’ हा शब्द दिसला आणि मी हात मागे घेतला, कारण पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केले.

चौथ्या दिवशी पहाटे माझ्या ईमेल खात्यात परक्या ठिकाणाहून प्रवेशाचा प्रयत्न झाल्याची सूचना आली. ब्राउझरमध्ये साठवलेले माझे पासवर्ड त्या इन्स्टॉलरने नेले असावेत अशी माझी समजूत आहे. असे घडू शकते याची कल्पना मला असायला हवी होती, कारण २०१८ साली सिम्युलेटरसाठी वेगळ्या विकल्या जाणाऱ्या एका नावाजलेल्या ॲड-ऑन विमानाच्या इन्स्टॉलरमध्येच क्रोममधले पासवर्ड काढणारी फाइल सापडली होती आणि त्यावरून जगभर मोठा गदारोळ झाला होता. मी फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, सर्व उपकरणांवरून लॉगआउट केले, संगणकावर विंडोज नव्याने टाकले, सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहारांचे क्रमांक जोडून तक्रार नोंदवली. पैसे अजून मिळालेले नाहीत.

ज्यांनी असे पॅकेज घेतले असेल त्यांनी फोल्डर पुसून समाधान मानू नये. आधी दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत, आणि त्या संगणकावर विंडोज नव्याने टाकेपर्यंत कोणताही व्यवहार करू नये. दिव्यांचे म्हणाल तर मी त्या ओळी नंतर स्वतःच लिहिल्या. आडवे अंतर उणे ५८ केले, सिम्युलेटरसोबतच आलेला लाल नॅव्हिगेशन दिव्याचा इफेक्ट लावला, विमान पुन्हा लोड केले, आणि पाचव्या-सहाव्या प्रयत्नात लाल दिवा पंखाच्या टोकावर बसला.