पाण्याची टेस्ट फ्री म्हणून घरात घेतलो, ३८,५०० घालवून बसलो

आम्ही बेळगावात यळ्ळूर रोडकडच्या एका नवीन लेआउटमध्ये राहतो. कॉर्पोरेशनचं पाणी येतं खरं आठवड्यातून एकदा-दोनदा, ते प्यायला भरून ठेवायचं, बाकी सगळं बोअरवर. आणि बोअरचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ किती पण शिट्ट्या काढा दाणा न दाणा वेगळा, साबणाला फेस नाही, नळांना पांढरी खपली, गीझरची कॉईल दोन वर्षात दोनदा बदलली. म्हणजे आमची अडचण खरीच होती, कोण येऊन मुद्दाम डोक्यात भरवलेली नव्हती, म्हणूनच तर सापडलो.

मार्चमधला रविवार. दोन पोरं दारात, गळ्यात आयकार्ड, "पाण्याचा सर्वे चालू हाय काका, टेस्ट फ्री." आयकार्ड कसलं ते वाचलो नाही, कॉर्पोरेशनचंच असणार म्हणून धरून चाललो. शेजारी कानडीत बोलालते, आमच्या दारावरची मराठी पाटी बघून लगेच मराठीत सुरू, ते पण अस्सल आपलं बेळगावी, "काय वो काकू, डाळ शिजत नसंल की." आता आपल्याकडे दारात येऊन कोण असं बोललं की माणूस सैल पडतो. मीच बायकोला चहा ठेवायला सांगितलो.

मग पेनासारखं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवतं) काढला, बोअरच्या पाण्यात बुडवला, ८००च्या वर. त्याच्या बाटलीतलं पाणी, २०. बघा म्हणाला. मी बघालतो! आम्ही पितो ते राकसकोपचं नाहीतर हिडकलचं, धरणाचं पाणी, आणि ह्याने मीटर लावला बोअरला, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

त्यानंतरचा खेळ म्हणजे चार दांड्यांचं यंत्र. दोन ग्लास, एकात आमचं नळाचं प्यायचं पाणी, एकात त्याचं बाटलीतलं, दोन्हीत दांड्या सोडल्या आणि प्लग लावला. दोन-तीन मिनिटात आमच्या ग्लासात आधी हिरवट मग तांबडा गाळ, वर घाणेरडा फेस. त्याचा ग्लास स्वच्छ. "काकू, हेच आजीच्या पोटात जातंय." आईला मागच्या वर्षीच मुतखडा झालेला. संपला विषय. प्यायला आरओ (क्षार काढणारा फिल्टर) १८,५०० आणि बोअरच्या लाईनला "सॉफ्टनर" २०,०००, निम्मे लगेच फोनवरून, निम्मे बसवल्यावर रोख. पावतीवर जीएसटी नंबर नाही हे पण नंतर बघितलो.

दोन महिन्यात गीझर परत गुरगुरायला लागला, नळाला खपली तशीच. फोन केला तर "माणूस पाठवतो", मग फोन उचलायचा बंद.

मी उद्यमबागेत टर्नर, पंचवीस वर्षं लोखंडातच काढलोय, म्हणून जास्त लाज वाटते. चहाच्या वेळी शेजारच्या प्लेटिंगवाल्याला हे सांगितलो तर तो हसून हसून बेजार. म्हणाला उद्या तुझ्या आरओचं पाणी आण. नेलो. रेक्टिफायरला (डीसी करंट देणारं यंत्र) एक लोखंडाची एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून आरओच्या पाण्यात सोडला, कायच नाही. मग चिमूटभर मीठ टाकला, आणि थोड्या वेळात तोच तांबडा गाळ! "आता सांग, घाण मिठात हाय का पट्टीत?" पट्टीच झिजते वो. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, लोखंड सुटून पाण्यात येतं आणि त्याचा गंज होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच, करंट नावालाच जातो, म्हणून त्या पोराचा ग्लास स्वच्छ. आमच्या पाण्यात ती घाण नव्हतीच, त्यानेच घातली.

मग दोनशेचं मीटर घेऊन कॉर्पोरेशनचं पाणी बघितलो, टीडीएस शंभरच्या आसपास. पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक आहे आयएस १०५००, त्यात ५०० पर्यंत चालतं. मीटरला जंतू कळत नाहीत हे खरं, पण त्याला उकळून घेतलं तरी भागतं, त्यासाठी साडेअठरा हजार नकोत. २०१९ मध्ये हरित लवादाने पण सांगितलेलं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, पाणी फार वाया जातं म्हणून. आमच्यात पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा येतंय आणि निम्म्याहून जास्त गटारीत सोडालतो.

"सॉफ्टनर" उघडलो तर आत काचेच्या गोट्यांसारखे खडे. वॉशिंग मशीनच्या नळाला लावतात ते फॉस्फेटचे. त्याने थर जरा कमी धरतो म्हणतात, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) उतरत नाही. लॅबमध्ये आधीचं आणि नंतरचं दोन्ही पाणी दिलो, ६४० आणि ६३५. त्याच मानकात हार्डनेसची हद्द दुसरं पाणीच नसेल तर ६०० ची, एरवी २००. खऱ्या सॉफ्टनरमध्ये रेझिन (जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी) असतं, ते अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. आम्हाला "मेंटेनन्स झिरो काका" म्हणालता आणि तेच आवडलेलं! (खऱ्या सॉफ्टनरने पण टीडीएस उतरत नाही, कॅल्शियम जाऊन सोडियम येतो, तेव्हा तिथे टीडीएस मीटर लावून भांडू नका, हार्डनेसचे थेंबवाले किट मिळते ते वापरा.)

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार घातलोय, नंबर मिळालाय, पैसे नाही. पावतीवरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे मोबाईल रिपेअरीचं दुकान.

परवा अनगोळातून मेहुण्याचा फोन, दाजी, पाण्याची टेस्ट करायला पोरं आलीत, दांड्यांचं यंत्र हाय. म्हटलं चहा पाज, बसवून ठेव, आणि त्यांच्या बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांग. मी गाडी काढून पोचेपर्यंत गेली होती. चहा तसाच टेबलावर, मिठाचा डबा उघडा.