पहिलं पुस्तक कोणतं: ताराबाई की विभावरी?

गोव्यातल्या फोंड्यात आमचं बायकांचं वाचनमंडळ आहे. असं मंडळ सुरू करू पाहणाऱ्या मैत्रिणी विचारतात, स्त्रीवादी वाचनाला सुरुवात कुठून करायची? नावं बहुधा दोनच पुढे येतात. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) आणि विभावरी शिरूरकर यांचं 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३).

ताराबाईंचा निबंध लहान आहे, दोन-तीन बैठकांत संपतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपलं मूल मारल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी झाली) आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. त्याला हे बुलढाण्याहून आलेलं उत्तर. पुढे ते विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं म्हणून आपल्या हाती आलं. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक. एकटीनं मनात वाचलं तर दमायला होतं, म्हणून मोठ्यानंच वाचा. 'साहस' हा शब्द मात्र आधी समजावून सांगा: इथं त्याचा अर्थ शौर्य नाही, बेगुमान दुष्कृत्य असा आहे. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेनं वाचायला घेतलं. बायको मेल्यावर तुम्ही दाढीमिशा भादरून रानात का जात नाही, असं ताराबाई पुरुषांना विचारतात, तिथं त्या थांबल्या. चष्मा पुसला आणि तोच भाग पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या स्वतः विधवा आहेत.

विभावरींच्या कथा वाचायला सोप्या. एका दुपारी एक कथा होते. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातली घुसमट त्या काळी इतक्या उघडपणे कुणी लिहिली नव्हती, म्हणून केवढं वादळ उठलं. टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. या कथा वाचल्या की बायका स्वतःबद्दल बोलू लागतात, तरुण मुली तर जास्तच. पण या कथांतलं घर पांढरपेशा आहे, आणि व्यवस्थेला जाब विचारण्यापेक्षा दुःख सांगण्याकडे ओढा जास्त.

माझं मत विचाराल तर गोव्यात आधी ताराबाई. कारण आपल्याकडे हक्क कागदावर आहेत. पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर बायको निम्म्या मालमत्तेची धनी असते आणि तिच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. माझ्या मावशीची अशी सही मी लहानपणी पाहिली आहे. तिला रिक्षानं आणलं, बोट ठेवून जागा दाखवली, तिनं सही केली आणि ती परत स्वयंपाकाला गेली. काय विकलं, हे तिला संध्याकाळी कळलं. राजकारणातही तेच. शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या, पण २०२२ च्या निवडणुकीत ४० पैकी फक्त ३ जागांवर बायका निवडून आल्या आणि तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत आमदार झाले. कागदावरचं 'निम्मं' हातात का येत नाही, हा प्रश्न ताराबाईंसारखा खडसावून विचारायला शिकवणारं पुस्तक आधी हवं.

मंडळात विशी-पंचविशीच्या मुली जास्त असतील, किंवा जुनी मराठी वाचून दाखवणारं कुणी नसेल, तर मात्र विभावरीच घ्या. तिथं ताराबाईंचा हट्ट धरलात तर दुसऱ्या बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

एक गोष्ट दोन्ही पुस्तकांत मिळणार नाही: देवळाच्या सेवेत गेलेल्या कलावंत घरांतल्या गोमंतकीय बायकांचं आयुष्य. त्यासाठी एक बैठक वाचनाची न ठेवता ऐकण्याची ठेवा. अशाच घरातून आलेल्या गायिका, आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहां हो' ही भैरवी लावा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेली तीच. साडेतीन मिनिटांची आहे. आम्ही ती लागोपाठ दोनदा लावली.