न्यूर्नबर्गचा ख्रिसमस बाजार: लहान मुलं बरोबर असतील तर

सबॅटिकलच्या (कामातून घेतलेल्या लांब सुट्टीच्या) वर्षात नाताळ जर्मनीत येणार असेल, तर न्यूर्नबर्गचा क्रिस्टकिंडलेसमार्क्ट नक्की पाहा. मुलं लहान असतील तर आधी हान्स-झाक्स-प्लाट्झवरचा मुलांचा बाजार गाठा, मेरी-गो-राउंड तिथेच आहे. शनिवारी संध्याकाळी बाबागाडी घेऊन हाउप्टमार्क्टमध्ये, म्हणजे मुख्य बाजार भरतो त्या चौकात, शिरू नका. खडबडीत फरसबंदी आणि खेटून उभी गर्दी, चाक पुढे सरकतच नाही. आठवड्यातल्या मधल्या दिवसाची दुपार उत्तम.

'द्राय इम वेग्ला' म्हणजे पावात बोटाएवढी तीन सॉसेजेस. ती डुकराच्या मांसाची असतात, शाकाहाऱ्यांनी भाजलेले गोड बदाम घ्यावेत. लेबकुखन (मसालेदार जर्मन केक-बिस्किट) घेताना वेष्टनावर 'एलिझेन' हा शब्द शोधाच: त्यात बदाम, अक्रोडासारखा मेवा किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के. महाग, पण चव आणि ओलावा याच प्रकारात. मुलांसाठी 'किंडरपुन्श' हे बिनदारूचं गरम पेय मागा, ग्लूवाइन म्हणजे गरम मसालेदार वाइन, तिच्यात दारू असते. पेयाच्या मगासाठी भरलेली अनामत रक्कम तो मग परत केल्यावरच मिळते. सुटे युरो जवळ ठेवा.

२४ डिसेंबरला दुपारीच बाजार गुंडाळतात, २५ आणि २६ला दुकानं बंद. दूध, भाजी, डायपर २३ लाच भरून ठेवा.